नोंदवहीतील ‘इतर हक्क’

भिवंडी शहरात आणि भोवतालच्या काल्हेर, कशेळी, राहनाळ, दापोडे, वळ, माणकोली या गावांतून जागांची दलाली करण्यात माझ्या आयुष्याचा बराचसा उत्तरभाग खर्च झाला आहे. हा व्यवसाय प्रतिष्ठितांच्या गणनेत कधीच नव्हता. ‘दलाल’ म्हणताच ऐकणाऱ्याच्या कपाळावर जी सूक्ष्म आठी उमटते ती मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिचा खेद वाटत नाही, आणि ती सर्वस्वी अनाठायी आहे असे म्हणण्याचे धाडसही होत नाही. परंतु या व्यवसायाचे एक अंग असे आहे की ज्याचा विचार बाहेरच्या माणसाने सहसा केलेला नसतो आणि आतल्या माणसाने बहुधा टाळलेला असतो. ते अंग म्हणजे जागेची नोंद. गिऱ्हाइकाला जागा दाखविण्यापूर्वी, भाड्याची घासाघीस होण्यापूर्वी, बयाण्याची रक्कम हातात पडण्यापूर्वी कोणीतरी कोठेतरी चार ओळी लिहिलेल्या असतात की अमुक ठिकाणी अमुक क्षेत्राची अमुक जागा अमुक भाड्याने मिळेल. आणि पुढचा सारा व्यवहार त्या चार ओळींच्या खरेपणावर किंवा खोटेपणावर उभा राहतो. आजची तरुण मुले याला ‘लिस्टिंग टाकणे’ म्हणतात व मोबाइलवर ते काम चहा निवेपर्यंत उरकतात. आम्हांला ते इतके सोपे करून शिकविले गेले नव्हते.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्यांना सारी भिवंडी तात्या म्हणून ओळखत असे. तात्या मूळचे तहसील कचेरीतले कारकून. निवृत्तीनंतर त्यांनी धामणकर नाक्याजवळ एका अरुंद गाळ्यात बैठक मांडली, आणि कचेरीतील दफ्तराची शिस्त आपल्याबरोबर त्या गाळ्यात आणली. त्यांची नोंदवही म्हणजे लाल कापडी बांधणीची एक आडवी, जाडजूड चोपडी होती. तिच्यात अनुक्रमांक, दिनांक, मालकाचे नाव, गट किंवा घर क्रमांक, चतुःसीमा, क्षेत्र, भाडे, अनामत, पाहिलेले दस्तऐवज, जागेची प्रत्यक्ष पाहणी कोणी व केव्हा केली, मालकाने कोणत्या मुदतीपर्यंत अधिकार दिला, अशी सदरे तांबड्या शाईने आखलेली असत. शेवटी, पानाच्या उजव्या कडेला, एक रुंद सदर असे व त्याचा मथळा सातबाऱ्यावरून जसाच्या तसा उचललेला असे : ‘इतर हक्क’.

सातबारा ज्यांनी केवळ कर्जासाठी किंवा कोर्टासाठी काढला असेल त्यांची दृष्टी सहसा भोगवटादाराच्या नावावर आणि क्षेत्रावर खिळते. तात्यांची दृष्टी आधी ‘इतर हक्कां’वर जात असे, आणि भिवंडीसारख्या तालुक्यात ते सर्वथा योग्यच होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कूळकायद्याने ज्या जमिनी कुळांच्या नावावर झाल्या, त्यांच्या उताऱ्यावर कलम ४३ चे बंधन येथेच नोंदलेले असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे उलटली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून त्या बंधनातून वाट काढता येते, हे खरे. परंतु वाट काढता येणे निराळे आणि वाट काढलेली असणे निराळे. एखादी जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून ती बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तोही याच सदरात बसतो. आणि बापाच्या मृत्यूनंतर भावांची नावे कबजेदार म्हणून वर चढविताना बहिणींची नावे ‘इतर हक्कां’त ढकलून देण्याची रीत तर या भागात इतकी रूढ होती की जुन्या उताऱ्यांत ती अजूनही जागोजाग भेटते. मालक जे सांगत नाही, ते एवढ्या एका सदरात मुकाट्याने नांदत असते.

तात्यांचा दंडक असा होता की आपल्या वहीतील हे सदर कधीही रिकामे सोडावयाचे नाही. अडचण असेल तर ती लिहावयाची. कागद पाहून अडचण नाही अशी खात्री झाली असेल तर ‘नाही’ असे लिहावयाचे. आणि कागद पाहण्यासच मिळाला नसेल तर ‘पाहिले नाही’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून खाली तारीख घालावयाची. ‘नाही’ आणि ‘पाहिले नाही’ यांतील अंतर त्यांना कचेरीतल्या अनुभवाने चांगले ठाऊक होते, आणि त्या दोहोंची गल्लत करणाऱ्या उमेदवाराला ते वहीला हात लावू देत नसत.

हे सारे भिवंडीत विशेष महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी येथील गोदामे कशी उभी राहिली ते थोडेसे सांगावे लागेल. भिवंडी हे मागाचे गाव. पॉवरलूमची खडखड हीच त्याची ओळख. परंतु मुंबईच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर महानगरपालिकेची जकात होती, ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत राहिली. आणि जकातीच्या नाक्याबाहेर, तरीही मुंबईच्या दाराशी, नाशिक महामार्गाला लागून असलेल्या या तालुक्यात माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांना सोयीचे झाले. भाताच्या खाचरांत भराव पडले, लोखंडी सांगाडे व पत्र्याची छपरे उभी राहिली, आणि ज्या शेतकऱ्याला एकरी चार खंडी भाताचा हिशेब अवगत होता तो चौरस फुटामागे मासिक भाड्याचा हिशेब करू लागला. जकात गेली, पण गोदामे राहिली, उलट घरपोच माल पाठविणाऱ्या कंपन्यांमुळे वाढलीच. यांतली पुष्कळशी बांधकामे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर झालेली. २००७ पासून भिवंडीभोवतालच्या अधिसूचित गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे विशेष नियोजन प्राधिकरण झाले, तरी त्यापूर्वीची आणि, खरे सांगावयाचे तर, त्यानंतरचीही कितीतरी छपरे अशी आहेत की त्यांच्या बिनशेतीचा हुकूम, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तिन्ही कागद एकत्र मागितले की मालक आधी हसतो व मग चहा मागवितो.

अशा वेळी तो जो कागद पुढे करतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. महसुली दफ्तरात ‘आठ-अ’ नावाचा खातेउतारा असतो, तो अगदी निराळा. त्यात खातेदाराच्या नावावरील जमिनी असतात. दोहोंतही आठाचा आकडा असल्यामुळे परगावचे गिऱ्हाईक घोटाळ्यात पडते, आणि तसे ते पडावे अशी व्यवस्था करणारे दलालही मी पाहिले आहेत. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. विजेचे देयक नावावर आले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. भिवंडीत २००७ पासून वीजवितरणाचे काम खाजगी कंपनीकडे आहे. देयक मात्र अजूनही अनेकजण खरेदीखताच्या थाटात छातीशी धरून आणतात. म्हणून आमच्या वहीत ‘दस्तऐवज पाहिले’ या सदराचे दोन भाग असत : मूळ पाहिले की नक्कल, आणि कोणता कागद कोणती गोष्ट शाबीत करतो. दुसऱ्या भागात काय लिहावे यावर माझा आणि तात्यांचा अनेकदा वाद होई. तात्यांचे म्हणणे असे की घरपट्टीच्या उताऱ्यासमोर ‘कर भरतो, एवढेच’ असे लिहावे. पुढे मीही तसेच लिहू लागलो.

एक प्रसंग मला येथे नमूद केला पाहिजे, कारण त्याने मला या दंडकाविषयी फार काळ अस्वस्थ ठेवले. खाडीकडच्या एका गावातील वयस्क आगरी गृहस्थ आपले नवे गोदाम भाड्याने देण्यासाठी आमच्याकडे आले. गोदाम उत्तम होते; उंची भरपूर, जमीन गुळगुळीत, चाळीस फुटी कंटेनर वळेल एवढे अंगण. सातबारा काढून पाहिला तर ‘इतर हक्कां’त तीन बहिणींची नावे. मी ती वहीत उतरविली. ते पाहून म्हातारा म्हणाला, “शेट, बहिनींचा नाव कागदाव हाय, पन त्या काय मांगाला येनार नांय. तुमी कनाला लिवता?” मी त्यांना समजावून सांगण्याचा यत्न केला की बहिणींचे एक संमतीपत्र आणले तर नोंदीतही तसे लिहिता येईल व भाडेकरू कंपनीलाही निर्धास्त वाटेल. पण भाऊबीजेला साडी नेणाऱ्या बहिणींकडे जाऊन कागदावर सही मागणे हे त्यांच्या दृष्टीने नात्याला लावलेले गालबोट होते. आणि त्यांची ही भावना खोटी होती असे मला आजही वाटत नाही. ते उठले, किल्ल्या उचलल्या आणि समोरच्या गल्लीतील दुसऱ्या दलालाकडे गेले. त्याने ‘इतर हक्क’ वगैरे काही न लिहिता आठवड्याभरात गोदाम उठविले. माझी दलाली गेली.

अशा कथेचा शेवट सहसा असा सांगतात की पुढे बहिणी कोर्टात गेल्या, गोदामाला कुलूप लागले आणि सत्याचा जय झाला. तसे काहीही घडले नाही. ते गोदाम आजतागायत सुखाने चालू आहे, बहिणींनी आजतागायत तक्रार केलेली नाही, आणि तो दलाल माझ्याहून मोठ्या गाडीतून हिंडतो. त्यामुळे मला एवढे कळून चुकले की खरी नोंद केल्याने नुकसान टळते, या युक्तिवादावर हा नियम टिकणारा नाही. दहा ठिकाणी अडचण लपविली तर आठ ठिकाणी काही होत नाही. नियमाचे समर्थन निराळ्या ठिकाणी शोधावे लागते. जागा घेणारा माणूस स्वतःच्या जबाबदारीवर धोका पत्करावयास मोकळा आहे, आणि भिवंडीतील निम्मे व्यापारी तो जाणूनबुजून पत्करतात. पण तो धोका आहे हे त्याला ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे. नोंद लिहिणाराने तो धोका गाळला म्हणजे निर्णय घेण्याचा अधिकार त्याने गिऱ्हाइकाकडून परस्पर काढून स्वतःकडे घेतला असे होते. दलालीच्या दोन टक्क्यांत एवढा अधिकार बसत नाही.

क्षेत्राच्या बाबतीत मात्र आमच्या वहीने कायद्याच्या पुष्कळ आधी शहाणपणा केला होता. मालक सांगेल ते क्षेत्र लिहावयाचे नाही, फीत लावून आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत जे भरेल ते लिहावयाचे, आणि मालकाचा आकडा कंसात ठेवावयाचा, असा परिपाठ होता. गोदामाच्या मालकांना हा अपमान वाटे. बाहेरच्या भिंतीची जाडी, पावसाळी पत्र्याचा पुढे आलेला भाग, एखाद्याने तर रखवालदाराच्या खोपटाखालची जमीनसुद्धा क्षेत्रात धरलेली असे. सदनिकांच्या व्यवहारात ‘सुपर बिल्ट-अप’ नावाच्या मायावी परिमाणाने जिना, उद्वाहन, बगीचा आणि प्रसंगी आकाशही ग्राहकाच्या माथी मारण्याची सोय करून ठेवली होती. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने चटई क्षेत्राची व्याख्याच बांधून दिली : बाहेरच्या भिंती, सेवानलिकांचे मार्ग, स्वतंत्र सज्जा व उघडी गच्ची वगळून जे वापरण्याजोगे क्षेत्र उरते ते, आतल्या विभाजक भिंती धरून. विक्री त्याच क्षेत्रावर सांगितली गेली पाहिजे असे झाल्यावर काल्हेर-कशेळीच्या नव्या इमारतींच्या जाहिरातींतील खोल्या अकस्मात आक्रसल्या. भिंती होत्या तेथेच होत्या.

या कायद्याने आम्हा दलालांनाही प्रथमच सरकारी दप्तरात स्थान दिले. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात ‘महारेरा’चा, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाचा, अंमल सुरू झाला. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदविल्यावाचून त्याची जाहिरात करावयाची नाही. दलालाने स्वतःची नोंदणी केल्यावाचून अशा प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करावयाची नाही. नोंदणी नसलेला प्रकल्प विकावयाचा नाही. हिशेबाच्या वह्या व कागदपत्रे नीट ठेवावयाची. जी सुविधा नाही ती आहे असे सांगावयाचे नाही. उल्लंघन झाले तर दंड दिवसाला दहा हजार रुपयांप्रमाणे, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. ठाणे जिल्ह्यातील प्रकल्पाचा क्रमांक पुष्कळ वर्षे ‘पी ५१७’ने सुरू होई, दलालाचा ‘ए ५१७’ने, आणि नोंदणीचा क्रमांक जाहिरातीत दिसला नाही तर विचारणा करावी एवढे ज्ञान आता रिक्षावाल्यालाही आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही अनिवार्य झाले, त्यामुळे मोबाइल समोर धरताच प्रकल्पाचे मंजूर नकाशे, हक्कासंबंधीचा अहवाल, बोजे व चालू दावे यांचे पान उघडते. तात्यांच्या उजव्या कडेच्या सदराला अखेर राजाश्रय मिळाला, असे मला ते प्रथम पाहताना वाटले.

पुढे दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची झाली. केस पांढरे झालेले, आयुष्यभर किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून हिंडलेले आम्ही लोक वर्गात बसलो, टिपणे काढली, आणि संगणकासमोर परीक्षा दिली. मराठीतून देण्याची मुभा होती हे नियामकांचे उपकार. १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्रावाचून नोंदणी चालणार नाही असे ठरले, आणि ज्यांनी ते घेतले नाही अशा सुमारे वीस हजार दलालांची नोंदणी त्या वर्षी स्थगित झाली. आमच्या नाक्यावर यावरून बराच गहजब झाला. मला स्वतःला परीक्षेत गैर काहीच वाटले नाही; जो माणूस दुसऱ्याच्या जन्माची कमाई एका कागदावर लावावयास सांगतो त्याला तो कागद वाचता येतो की नाही, हे कोणीतरी पाहावयास हवेच होते.

परंतु या कायद्याची व्याप्ती नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण येथेच भिवंडीचा प्रश्न निराळा होतो. कायद्यातील दलालाची व्याख्या ही स्थावर संपदा प्रकल्पातील भूखंड, सदनिका वा इमारत यांच्या विक्रीच्या व्यवहाराशी बांधलेली आहे. गोदाम लीव्ह अँड लायसन्सवर देणे, मागाचा कारखाना साच्यांसकट चालवावयास देणे, जुन्या चाळीतील खोली पागडीने फिरविणे, वीस वर्षांपूर्वीची सदनिका पुन्हा विकणे, हा जो आमच्या दररोजच्या धंद्याचा मोठा भाग, त्यातील नोंदीकडे पाहणारा डोळा महारेराचा नाही. भाडेकराराला भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी व नोंदणीकृत स्वरूप द्यावेच लागते, पण तो करार होईपर्यंत नोंदीत काय लिहिले होते याची विचारणा तेथे होत नाही. सारांश असा की नव्या इमारतीतील सदनिका विकताना जो दलाल सज्ज्याचे चौरस फूटसुद्धा बेतून सांगतो, तोच दलाल दुपारी दापोड्याच्या गोदामाविषयी वाटेल ते लिहावयास मोकळा असतो. हातातली वही एकच, लिहिणारा एकच. नियम अर्ध्या पानापुरता.

आता नोंदी वहीत होत नाहीत. माझ्या कार्यालयातील मुले त्या संकेतस्थळांवर करतात, आणि तेथे सदरे आखण्याचे काम बंगळूर किंवा नोएडाच्या कोण्या बुद्धिमान तरुणाने आधीच करून ठेवलेले असते. त्याने भिवंडी पाहिलेली नसते. म्हणून मागाच्या कारखान्याची नोंद करताना न्हाणीघरे किती हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि मुलगा निमूटपणे ‘१’ लिहितो. परंतु जमीन बिनशेती झाली आहे काय, भोगवटा प्रमाणपत्र कोणी दिले, पावसाळ्यात पाणी कोठवर येते, यांपैकी एकही प्रश्न त्या तक्त्यात नसतो. शेवटचा प्रश्न तर भिवंडीत प्राणभूत आहे. कामवारीला पूर आला, किंवा भरावामुळे नाल्यांच्या वाटा बुजल्या, म्हणजे सखल भागांतून पाणी गोदामांत शिरते आणि कापडाच्या गाठी, औषधांची खोकी, धान्याची पोती तळाकडून भिजू लागतात. आमच्या वहीत ‘जागा कोणत्या महिन्यात पाहिली’ असे एक बारीक सदर होते. एप्रिलात पाहिलेल्या गोदामाची नोंद जुलैत पुन्हा पाहिल्याखेरीज पक्की मानली जात नसे. भिंतीवरचा ओलीचा पट्टा कोणत्या उंचीवर थांबतो हे पाहण्याची सवय मला अजून आहे, आणि मालकाने नुकताच रंग काढलेला असेल तर मी शेजारच्या गोदामाची भिंत पाहतो.

संकेतस्थळांनी आणखी एक दोष वाढीस लावला. उठलेल्या जागेची नोंद काढून न टाकणे हा जुनाच रोग. परंतु वहीत ती जागा एकाच माणसाला फसवीत असे, संकेतस्थळावर ती हजारांना फसविते. दलाल हे विसराळूपणाने करतो असे समजू नये. स्वस्त आणि उत्तम जागेची मेलेली नोंद जिवंत ठेवली की फोन येतात. आलेल्या माणसाला “ती कालच उठली, पण दुसरी आहे” असे सांगता येते. शिवाय एकाच गोदामाच्या पाच दलालांनी पाच भाड्यांच्या पाच नोंदी केलेल्या असतात, छायाचित्रे मात्र एकाच्याच नोंदीतून इतरांनी उचललेली. कधीकधी तर ते छायाचित्र भिवंडीचे नसतेच. तात्या जागा उठली त्याच संध्याकाळी तांबड्या शाईने ओळ आडवी छेदीत आणि शेजारी ‘उठली’ लिहून सही करीत. माझ्या मुलांना मी हाच नियम लावला आहे, आणि तो पाळण्यात त्यांना सर्वांत अधिक त्रास होतो हे मला दिसते. कारण आणखी चार दिवस ती नोंद ठेवली तर काय बिघडेल, या प्रश्नाला पैशाच्या भाषेत माझ्यापाशी उत्तर नाही. मालकाची लेखी संमती व मुदत यांविषयीही मी तितकाच हट्टी आहे. मालकाने जागा माझ्याकडे दिलीच नाही, केवळ चहाच्या टपरीवर बोलता बोलता उल्लेख केला, आणि दुसऱ्या दिवशी ती संकेतस्थळावर झळकली, हे या शहरात नित्याचे आहे.

एक सदर तात्यांनी मुद्दाम ठेवले नव्हते. १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली या शहराने जे दंगे पाहिले, त्यानंतर जागा घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘वस्ती कोणाची?’ असा असे, आणि देणाऱ्याची पहिली अट ‘अमक्यांना नको’ अशी असे. आजही असते. तात्या म्हणत, विचारणाराला गल्लीचे नाव सांगा, तो स्वतः जाऊन पाहील; आपल्या वहीत ते लिहिले की उद्या वही वाचून माणसे निवडली जातील. मालकांच्या अटी मला तोंडी ऐकाव्या लागतात आणि काही वेळा निरुपायाने पाळल्याही जातात, हे लपविण्यात अर्थ नाही. पण त्या नोंदीत मी उतरू देत नाही. हे फार मोठे धैर्य नव्हे, याची मला जाणीव आहे.

उलट एक सदर असे की जे आमच्या वहीत उशिरा आले, ते इमारतीच्या वयाचे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. १९८४ च्या सुमाराची ती इमारत, आणि झोपेत असलेली चाळिसाच्या आसपास माणसे गेली. एप्रिल २०२३ च्या अखेरीस वळपाड्यात जी इमारत पडली तिच्या तळाशी गोदाम होते आणि वर कुटुंबे राहत होती. भिवंडीत ही मांडणी सर्रास आढळते : खाली माल, वर माणसे. तेव्हापासून बांधकामाचे साल, बांधकाम-परीक्षण झाले असल्यास त्याची तारीख, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आहे किंवा नाही, आणि वर कोणी राहते काय, हे चार प्रश्न मी नोंदीत आणले. गोदामात काय ठेवणार हेही विचारू लागलो, कारण रसायनांची पिंपे ठेवणारा आणि कापडाच्या गाठी ठेवणारा यांना एकाच ना-हरकत दाखल्याने अग्निशमन दल सोडीत नाही, आणि सोडू नये. जुन्या खोल्यांचे मालक या प्रश्नांना सातबाऱ्याच्या प्रश्नांहूनही अधिक विटतात. ज्या खोलीचे भाडे मुळातच तिच्या धोक्यामुळे कमी आहे, ती घेणाऱ्या मागकामगाराला दुसरी खोली परवडणार नसते; त्याला नोटिशीविषयी सांगितले तरी तो तीच घेतो. मी सांगतो, तो घेतो. यापुढे नोंदीचा नियम जाऊ शकत नाही. तेथून महापालिकेचे आणि शासनाचे काम सुरू होते.

भिवंडीत जागा पाहावयास येणाऱ्या वाचकाला माझी एकच विनंती आहे. प्रकल्प नवा असेल तर महारेराचा क्रमांक पाहूनच बोलणे सुरू करावे, हे आता सांगावयास नको. पण जागा गोदामाची, कारखान्याची, जुन्या खोलीची असेल, म्हणजे ज्या व्यवहारावर कोणत्याही प्राधिकरणाची दृष्टी नाही अशी असेल, तर दलालापाशी त्याने केलेली नोंद मागावी. आणि तिच्यात अडचणींचा उल्लेख कोठेच आढळला नाही, तर त्याने कागद पाहून ‘नाही’ म्हटले आहे की कागद पाहिलेलेच नाहीत, हे त्याला तोंडावर विचारावे व त्याचे उत्तर त्याच्याच हाताने, तारखेसह, लिहून घ्यावे.